स्किडची ‘ट्रेक’ तपासणी नाशकात सुरू करावी का, आणि निकाल येईपर्यंत बीसीजी थांबवावी का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

स्किड हा जन्मजात आजार दुर्मिळ आहे, पण प्रश्न प्रत्येक बाळाच्या डाव्या दंडाचा आहे. जन्मल्यावर बाळाला आपल्याकडे बीसीजी (क्षयाची लस) टोचतात, पोलिओचा शून्य डोस पाजतात आणि हेपॅटायटिस बी देतात. यातल्या पहिल्या दोन लसी जिवंत जंतूंच्या. सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे स्किड, असलेल्या बाळाकडे कामाच्या टी-पेशीच (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसतात. ते बाळ जन्मतः गुटगुटीत दिसतं, कुणाला शंका येत नाही, आणि लसीतला जंतू दंडातून काखेत, तिथून यकृत, हाडं, फुप्फुसं असा पसरू शकतो. २०१४ साली १७ देशांतल्या, बीसीजी घेतलेल्या ३४९ स्किड रुग्णांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा ५१ टक्क्यांना लसीमुळे गुंतागुंत झालेली होती.

त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या २४० बाळांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे आकडे आले. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालं तर पाच वर्षांनी ९४ टक्के बाळं जिवंत. वय त्याहून जास्त आणि प्रत्यारोपणाच्या वेळी संसर्ग चालू असेल तर ५० टक्के. म्हणजे औषधापेक्षा तारीख महत्त्वाची.

माझं म्हणणं: ४८ ते ७२ तासांत टाचेतून चार थेंब कार्डावर घ्यावेत, बाळात नव्या टी-पेशी बनतात का हे सांगणारी ट्रेक चाचणी करावी (आपला सह्याद्रीतला नव्हे!) आणि बीसीजी सहा आठवड्यांच्या पहिल्या पेंटासोबत (पाच आजारांवरची एकत्र लस) द्यावी. इंग्लंडने सप्टेंबर २०२१ पासून याच कारणासाठी बीसीजी २८ दिवसांवर नेली. आपल्या वेळापत्रकातही बीसीजी एक वर्षापर्यंत देता येतेच, म्हणजे नियम मोडावा लागत नाही.

पेठरोड

साफ असहमत. इंग्लंडचं उदाहरण अर्धवट दिलंय. तिथे बीसीजी फक्त क्षयाचा धोका जास्त असलेल्या बाळांना देतात, सरसकट नाही. तिथे महिनाभर थांबणं आणि पेठ-सुरगाण्यात थांबणं एक कसं?

बीसीजीचं खरं काम लहान मुलांमधला क्षयाचा मेंदुज्वर आणि मिलियरी (शरीरभर पसरणारा) क्षय रोखणं, आणि ते ती चांगलं करते. प्रसूती दवाखान्यात झाली की बाळ हाताशी असतं, तेव्हाच टोचून होतं. सहा आठवड्यांनी तेच कुटुंब द्राक्षाच्या छाटणीला निफाड-दिंडोरीकडे गेलेलं असतं. त्यात बीसीजीची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत संपवायची. उपकेंद्रात एका बाळासाठी कुपी फोडायला सिस्टर तयार नसते, ‘पुढच्या बुधवारी या’ म्हणते. तो बुधवार कधी येतो ते सगळ्यांना माहीत आहे.

आता हिशोब करा. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख. जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला साधारण ९० हजार बाळं. अमेरिकेत ३० लाख बाळं तपासून स्किडचं प्रमाण ५८ हजारांत एक निघालं. ते इथे लावलं तर वर्षाला दीड बाळ. दीड बाळासाठी ९० हजार लसी लांबवायच्या?

तैवानवाला

+१ धाग्याला. तैवाननेही २०१६ पासून बीसीजी ५ ते ८ महिन्यांवर नेली आहे. त्यांच्याकडेही क्षय आहेच की.

पेठरोड

तैवानने ती नेली मुख्यतः लसीमुळे हाडांना होणाऱ्या संसर्गामुळे. स्किडची तपासणी तिथे २०१० पासूनच सुरू आहे. दोन गोष्टी एकत्र कालवू नका.

टाचेचा थेंब

बीसीजीचं भांडण चालू द्या. मी फक्त कार्डाबद्दल लिहितो, कारण योजना कागदावर छान दिसते आणि कार्डावर बोंबलते.

ट्रेक म्हणजे काय, आधी ते. थायमस या छातीतल्या ग्रंथीमध्ये टी-पेशी तयार होताना तिच्या डीएनएचा एक तुकडा कापला जातो आणि त्याचं छोटं वेटोळं होतं. पेशी पुढे दुभंगली तरी वेटोळ्याची नक्कल होत नाही, म्हणून वेटोळी मोजली की थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशी किती ते कळतं. वाळलेल्या ठिपक्यातून ३.२ मिमीची चकती पंच करायची, डीएनए काढायचा, रिअल-टाइम पीसीआर (डीएनएच्या नकला करत मोजणारी चाचणी) लावायचा. सोबत बीटा-ॲक्टिनसारखं एक नियंत्रण जनुक मोजायचं. नियंत्रण नीट आणि ट्रेक शून्याजवळ, तर बाळाला बोलवा. दोन्ही कमी, तर दोष नमुन्यात आहे, दुसरं कार्ड घ्या. हा फरक न कळणाऱ्या माणसाने रिपोर्टवर सही केली तर नुसती घबराट.

चुका कुठे होतात? टाचेच्या मध्यभागी टोचतात, टोचायचं कडेला. टाच दाबून दाबून रक्त काढतात, मग त्यात पेशींमधलं पाणी मिसळतं. स्पिरिट वाळायच्या आत टोचतात. एका गोलावर दोन-तीन थेंब थरावर थर देतात, चकतीत रक्त किती आलं याचा भरवसा संपतो. थेंब एकच हवा, कागदाच्या मागे उमटेपर्यंत. पहिला थेंब पुसून टाकायचा. एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या लाइनमधून रक्त घेतात. हेपरिन पीसीआर अडवतं.

आणि सुकवणं. कार्ड आडवं, उघडं, सावलीत, तीन-चार तास. जुलैत इगतपुरी-त्र्यंबकला खिडकीत ठेवलेलं कार्ड संध्याकाळीही दमटच असतं. ओलसर कार्डं एकमेकांवर ठेवून पाकिटात घातली की एका बाळाचं रक्त दुसऱ्याच्या कार्डाला लागतं. हेअर ड्रायर मारणाऱ्यांना तर नमस्कार. पूर्ण वाळल्यावर सिलिका जेलची पुडी टाकून झिपच्या पिशवीत, तेही एका थरात.

माझा कल तपासणीच्या बाजूने आहे. त्याच कार्डावर थायरॉइडची टीएसएच होते, म्हणजे टाच एकदाच टोचायची.

मोजणीदार

एवढं पीसीआर कशाला? साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) कुठेही होतो, मालेगावपासून सिन्नरपर्यंत. लिम्फोसाइटचा (टी-पेशी ज्यांत मोजल्या जातात त्या पांढऱ्या पेशींचा) आकडा कुणी वाचत नाही हेच दुखणं आहे.

एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. दोन महिन्यांचं बाळ, पांढऱ्या पेशी ९,०००, लिम्फोसाइट १८ टक्के. गुणाकार केला की १,६२०. या वयात २,५०० च्या खाली गेलं की सावध व्हायचं, पहिल्या काही महिन्यांत तर ३,००० पासूनच. पण छापील कागदावर शेजारी ‘१,००० ते ४,८००’ असा मोठ्यांचा पल्ला असतो. मशीन ‘कमी’ची खूण करत नाही, डॉक्टर एकूण पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (दाह दाखवणारी चाचणी) बघून पान उलटतात. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये वयानुसार पल्ला भरला तर खर्च शून्य.

गोदाकाठ

पल्ला बदलायला हवा, शंभर टक्के मान्य. पण तो ट्रेकला पर्याय नाही. स्किडच्या बऱ्याच प्रकारांत बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणारे लिम्फोसाइट) असतात, काहींत आईच्या टी-पेशी बाळात रुजलेल्या असतात, ओमेन सिंड्रोम या प्रकारात तर टी-पेशी भरपूर पण बिनकामाच्या. तिथे लिम्फोसाइटचा एकूण आकडा फसवतो. ट्रेक फसत नाही, कारण त्या पेशी बाळाच्या थायमसमधून नव्याने आलेल्या नसतात. शिवाय सीबीसी कधी होतो? बाळ आजारी पडल्यावर. तोवर बीसीजी जाऊन दोन महिने झालेले असतात.

पेठरोड

ट्रेक फसत नाही? क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये ट्रेक अगदी नॉर्मल येतो. दोष न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, निदान डीएचआर चाचणीवर. मायकोबॅक्टेरियाशी लढण्याच्या मार्गातले जन्मजात दोष, तिथेही नॉर्मल. दोन्हींत बीसीजी पसरते. एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया बी-पेशींचा आजार, त्याला क्रेक नावाची वेगळी मोजणी लागते. म्हणजे बीसीजी सहा आठवडे लांबवूनही ही पोरं सुटणार नाहीत.

त्यापेक्षा माझा उपाय बघा. प्रसूतीआधी तीन प्रश्न विचारा. आधीचं मूल वर्षाच्या आत संसर्गाने गेलं का? आईचे भाऊ किंवा मामा तान्हेपणी गेले का? नवराबायको आते-मामे भावंडं आहेत का? पहिल्या दोनपैकी एकाला जरी हो असेल तर त्या बाळाची बीसीजी, तोंडाने पाजायचा पोलिओ आणि पुढे रोटाव्हायरस थांबवा आणि तपासणी करा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रूढच आहे, म्हणून तिसऱ्या उत्तराने एकट्याने लस अडवायची नाही, फक्त कान टवकारायचे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच. बीसीजीची जखम तीन महिन्यांनंतरही वाहते का, डाव्या काखेत गाठ आहे का, तोंडातला पांढरा थर जात नाही का, हे त्या बघू शकतात.

टाचेचा थेंब

प्रश्न चांगले आहेत, पण घरातलं पहिलंच बाळ असेल तर तिन्हींची उत्तरं ‘नाही’. एक्स-लिंक्ड प्रकारात बदल त्याच पिढीत नव्याने झालेलाही असतो. इतिहासावर विसंबलं तर घरातलं एक मूल गेल्यावरच दुसरं वाचतं.

परळ-फेरी

दोन्ही बाजू चाचणीपाशी थांबल्या. ट्रेक कमी आला, पुढे काय?

दोन मिली रक्त ईडीटीए नळीत, सोबत त्याच दिवशीचा सीबीसी. फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींचे प्रकार मोजणाऱ्या यंत्रावर) सीडी३ (टी-पेशींची खूण), सीडी४, सीडी८, सीडी१९, सीडी१६/५६ आणि नवख्या पेशींसाठी सीडी४५आरए. सीडी३ पेशी ३०० च्या खाली असतील तर स्किड धरून चालायचं. जिवंत पेशी लागतात, म्हणून नळी बर्फात ठेवायची नाही आणि चोवीस तासांत पोचवायची. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नमुना गेला तर दुपारी मशीनवर चढतो. शुक्रवारी संध्याकाळी काढलेली नळी मात्र सोमवारपर्यंत मेलेली असते. नमुना सोमवार ते गुरुवारच काढायचा, हे वॉर्डातल्या फळ्यावर लिहून ठेवा.

तोवर बाळाला वेगळी खोली. रक्त द्यावं लागलंच तर किरणोत्सर्ग दिलेलं आणि सीएमव्ही (एक विषाणू) नसलेलंच. साध्या पिशवीतल्या दात्याच्या टी-पेशी बाळावर उलटतात. आईचं दूध चालू ठेवण्याआधी तिची सीएमव्ही तपासणी. दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं), महिना-दीड महिन्यानंतर कोट्रायमोक्साझोल (संसर्ग टाळणारं प्रतिजैविक). बीसीजी आधीच दिली असेल आणि पसरली असेल तर क्षयाचं ठरलेलं चौकडीचं औषध तसंच लिहू नका. बीसीजीचा जंतू त्यातल्या पायराझिनामाइडला मुळातच दाद देत नाही.

पैशाचं म्हणाल तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किड पहिल्या गटात आहे आणि २०२२ पासून ठरलेल्या केंद्रांत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. केईएम त्या केंद्रांपैकी एक.

पेठरोड

हे उपयोगाचं. मग माझी तडजोड: जिल्हाभर नको, बीसीजी लांबवायची नाही. आधी शहरातल्या एनआयसीयूतल्या बाळांचं कार्ड घ्या. ती तशीही दवाखान्यात असतात, कुठे जात नाहीत.

टाचेचा थेंब

नेमकी तीच जागा नको. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांत थायमस कच्चा असतो, ट्रेक स्किड नसतानाही कमी येतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या बाळांत तेच, छातीत काइल (दुधाळ लसिका) साठलेल्यांतही तेच. पहिल्याच महिन्यात खोट्या धोक्यांची रांग लागेल आणि लोक म्हणतील चाचणीच भंगार. सुरुवात करायची तर पूर्ण दिवसांच्या, सिझेरियनसाठी तीन-चार दिवस वॉर्डात राहणाऱ्या बाळांपासून करा: टाच टोचायला तिसरा दिवस सापडतो आणि आईचा मोबाइल नंबर कार्डावर सावकाश लिहिता येतो. एनआयसीयूतल्या बाळाचं पहिलं कार्ड घ्या, पण ट्रेक कमी आला आणि अगदी शून्य नसला, तर ३७ आठवडे पूर्ण होईपर्यंत कार्ड पुन्हा घेत राहा. शून्य आला तर वाट न पाहता थेट फ्लोला.