कॅमेलियन पाळायचा तर नर की मादी? माझं मत नर, पटत नसेल तर सांगा

टिळकवाडी_कट्टा:
नमस्कार मंडळी. गेले आठ-नऊ महिने वाचून झालं, व्हिडिओ बघून झाले, उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं २ बाय २ बाय ४ फुटाचा जाळीचा पिंजरा पण करून घेतला, आता फक्त प्राणी आणायचा राहिलाय. व्हेल्ड कॅमेलियन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, मूळचा येमेन आणि सौदीकडचा. ज्याच्याकडनं घेणार त्याच्या घरीच पिल्लं झालीत, त्यातला एक नर आणि एक मादी मला दाखवलीय, दोन्ही ३ महिन्यांची. आई म्हणते मादी घे, शांत असते. माझं मत सरळ आहे, पहिल्यांदा पाळतोय तर नरच. कारण एकच, मादी नर नसला तरी अंडी घालते. कोंबडीसारखंच, अंडी फुटत नाहीत पण घालायची तर लागतातच, आणि अडकली तर जीव जातो. नराला ही भानगडच नाही. शिवाय डोक्यावरचा तुरा उंच, अंगावरचे पट्टे उठून दिसतात आणि जगतो पण जास्त, नीट सांभाळला तर ६ ते ८ वर्षं, मादी ५ च्या आसपास. मग मादी का घ्यायची ते कुणीतरी सांगा.

शहापूरची_माई:
मी सांगते. माझ्याकडं मादी आहे, आता चार वर्षं पूर्ण होतील. तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही पण अर्धंच आहे. अंडी घालते म्हणून जीव जात नाही हो, आपण तिला खायला घालून घालून फुगवतो आणि अंडी घालायला जागा देत नाही म्हणून जातो. पोरगी मोठी झाली की तिला एकाआड एक दिवस ३-४ रातकिडे बास होतात, आणि बसायच्या फांदीवर दिव्याखाली २७ डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही. ऊब जास्त आणि खाणं जास्त झालं की ६०-७० अंडी सुद्धा धरते, आटोक्यात ठेवलं तर २०-२५ वर भागतं. आपली बेळगावची हवा त्याला उलट बरी, मे महिना सोडला तर मला कधी त्रास झाला नाही. मादी लहान असते, जागा कमी लागते. म्हणून मादी म्हणजे कटकट असं सरसकट लिहू नका, वाचणारी नवीन पोरं तेवढंच धरून बसतात.

खानापूर_रोड:
माई तुमचा मान राखून बोलतो, पण मी नर घे असंच सांगणार. माझी मादी सात महिन्यांची असताना गेली. त्याच्या आधी चार दिवस ती सारखी पिंजऱ्याच्या तळाशी उतरायची, पुढच्या पायांनी कोपऱ्यात प्लास्टिक खरवडायची, अंग काळपट पडलं होतं आणि त्यावर पिवळे निळे ठिपके उठले होते, मला वाटलं काय सुंदर रंग धरलाय, मी फोटो काढत बसलो. तो रंग म्हणजे पोटात अंडी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, विकणाऱ्यानं पण नाही. पाचव्या दिवशी दिवसाढवळ्या डोळे मिटून बसली. कॅमेलियननं दिवसा डोळे मिटले की समजायचं वेळ गेली. डॉक्टरकडं नेली तर ते म्हणाले आम्ही गाई म्हशी कुत्री बघतो, हे कधी हातात घेतलेलं नाही. एक्स-रे काढला, पोटात नुसती गोल गोल अंडी. रात्री गेली. तळहातावर किती हलकी लागली ते अजून आठवतंय. आपल्या भागात हिचं पोट उघडून अंडी काढणारा डॉक्टर मिळायची खात्री कोण देणार? म्हणून नर.

शहापूरची_माई:
वाचून वाईट वाटलं दादा. पण तुम्हीच लिहिलंय बघा, ती प्लास्टिक खरवडत होती. ती जागा मागत होती. माझ्याकडं पहिल्या दिवसापासनं खानापुरी मातीची फूटभर खोल कुंडी पिंजऱ्यातच ठेवलीय, अंडी असोत नसोत. त्यात चाळलेली वाळू आणि माती निम्मी निम्मी, ओल किती तर मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे पण पाणी सुटता नये. कोरडी असली की बोगदा ढासळतो आणि ती सोडून देते. ती डोकं खाली घालून पार तळापर्यंत खणते, मग उलटी फिरून शेपटीकडनं बसते, सगळं झालं की मागच्या पायांनी माती ओढून असं दाबते की कळत पण नाही इथं काय होतं. एखादा दिवस जातो त्यात. तेवढा वेळ पिंजऱ्यावर चादर टाकायची आणि घरातल्या कुणी डोकवायचं नाही, तिला कुणी बघतंय असं वाटलं तर खणणं अर्धं सोडते. वर आली की नुसती कातडी झालेली असते, लगेच पानांवर पाणी मारायचं, दोन-तीन दिवस पोटभर खायला आणि वर कॅल्शियम पावडर.

निपाणीचा_गडी:
मर्दा नरच घे. रंग बघ की त्याचा. आणि पँथर कॅमेलियन परवडत असेल तर तोच घे, मादागास्करचा, त्यातला नर हिरवा निळा लाल, मादी बिचारी फिकट गुलाबी तपकिरी. खाण्याचं टेन्शन नको, आमच्याकडं तंबाखूच्या रानात नाकतोडे बख्खळ, डबा भरून पाठवतो.

मच्छे_फाटा:
निपाणीकर, रानातले नाकतोडे अजिबात नको. तंबाखू काय ऊस काय, फवारणी झालेलीच असते, ते औषध किड्यातनं ह्याच्या पोटात जाणार. घरी रातकिडे वाढवा, जमतं. आणि नराचं एवढं गुणगान चाललंय म्हणून सांगतो, माझ्याकडं नर होता. काचेत स्वतःचं रूप दिसलं की अंग चपटं करून फुसकारायचा, खायचं सोडायचा, शेवटी खिडकी कागदानं झाकली तेव्हा शांत झाला. हात घातला की तोंड वासून अंगावर यायचा. नर काय न मादी काय, हा कुत्र्यासारखा अंगाखांद्यावर खेळवायचा प्राणीच नाही. दोन्ही घेऊन एकत्र ठेवू असा विचार असेल तर तो पण नको, ह्यांना एकटंच राहायला लागतं.

येळ्ळूरकर:
मी वेगळंच बोलतो, राग मानू नका. पावसाळा सरत आला की आमच्या शेताच्या कुंपणावर घोयरा येतो, आपला हिरवा सरडा, कन्नड शाळेतली पोरं ऊसरवळ्ळी म्हणतात तोच. पोरं काठीनं मारतात, का तर म्हणे अपशकुनी. आणि आता हे व्हिडिओ बघून काही पोरं धरून खोक्यात ठेवूलाल्यात, नर का मादी विचारूलाल्यात. तो आपल्याच देशातला जंगली प्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, घरात ठेवणं गुन्हा आहे. आणि परदेशी असला म्हणून पण मोकळं रान नाही, २०२४ पासनं नियम झालाय, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला लागते, पिल्लं झाली तरी. टिळकवाडी दादा, ज्याच्याकडनं घेणार त्याच्याकडं कागद आहेत का ते आधी विचार. नर मादी नंतर.

टिळकवाडी_कट्टा:
येळ्ळूरकर धन्यवाद, कागदाचं मी खरंच विचारलं नव्हतं. काल संध्याकाळी गेलो. नोंद झालीय, पिल्लांची पण केलीय, स्वतः बघितली. पण दुसरंच निघालं. व्हेल्डच्या नराला जन्मापासनंच मागच्या पायाच्या टाचेला एक बारीक टोक असतं, मोहरीएवढं, मादीला नसतं. मोबाईलचा टॉर्च मारून दोघांच्या टाचा बघितल्या, दोन्ही सपाट. म्हणजे ज्याला तो नर म्हणून दाखवूलाला ती पण मादीच. त्याचं म्हणणं तुरा मोठा आहे म्हणून नर. ३ महिन्याच्या पिल्लाचा तुरा बघून काय कळणार. आता मी मादी घेऊ की पुढची पिल्लं होईपर्यंत थांबू? अंडी फुटायलाच सहा ते नऊ महिने लागतात, म्हणजे वर्ष गेलं.

खानापूर_रोड:
थांब. पिंजरा रिकामा राहिला तर काय मरत नाही कोण.

शहापूरची_माई:
मी म्हणते घ्या, पण आज नको. आधी कुंडी आणा, माती कालवा, आठ दिवस ओल टिकते का बघा, रोज बोट घालून. करंट गेल्यावर यूव्हीबीची ट्यूब, म्हणजे उन्हासारखे किरण देणारा दिवा, किती वेळ बंद राहते ते पण बघून ठेवा. अंडी चौथ्या-पाचव्या महिन्यापासनं सुद्धा धरतात, तुमच्याकडं फार दिवस नाहीत. आणि पोट उघडणारा डॉक्टर आधी शोधा, कोल्हापूर, धारवाड, गोवा जिथं मिळेल तिथं, फोन करून विचारून ठेवा. मिळाला नाही तर मग खानापूरच्या दादांचं ऐका.

खानापूर_रोड:
माई, हे डॉक्टरचं पहिल्याच रिप्लायमध्ये लिहायला पाहिजे होतं तुम्ही. एवढं सगळं कोण करतंय? मी केलं नव्हतं, आणि मला पण प्राण्याची काळजी होतीच की. नवीन माणसानं नर, मी ह्यावर ठाम आहे.

टिळकवाडी_कट्टा:
आज सकाळपासनं तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी सरळ नाही म्हटलं. तिसऱ्यांनी सांगितलं कासवाची अंडी काढलीत, कॅमेलियन कधी नाही, पण आणा, बघू. कुंडी रविवारी खानापूरला जाऊन आणतो. मादीचं अजून ठरवलेलं नाही, विकणाऱ्याला पंधरा दिवस थांब म्हटलंय. माई, माती नुसती शेतातली चालेल की भाजून घ्यायला लागते?