अनुभव धागा: जड तिजोरी घेतली, मग घरात कशी आणली?

कृष्णाकाठची, सांगली

नमस्कार मंडळी. ह्यावर सगळ्यांनी एका जागी लिहावं असं फार दिवस वाटत होतं. तिजोरी घ्यायला गेलं की दुकानदार लिटर सांगतो, रंग सांगतो, कुलूप किती भारी ते सांगतो, पण ती टेम्पोतनं उतरल्यावर पुढं काय हे कुणीच सांगत नाही. तर ज्यांनी घेतलीय, हलवलीय, वर चढवलीय त्यांनी सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमची साधारण ३०० किलोची आहे. सासूबाईंचं आणि माझं सोनं, शेताची खरेदीखतं, जुने उतारे. बँकेत लॉकर असताना घरात कशाला असं माहेरून विचारणं झालंच. त्याचं कारण असं की रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे लॉकरचे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यात आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसानं केलेली फसवणूक ह्यासाठी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट. म्हणजे भाडं ३००० असेल तर ३ लाख, आत सोनं कितीही असो. आणि पूर, भूकंप असल्या नैसर्गिक आपत्तीत बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर काहीच नाही. आता सांगलीत राहणाऱ्या माणसानं हे वाचून गप्प बसायचं का? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलेलं, परत २०२१ ला आलंच. आमच्या लॉकरची बँक तळमजल्यावर, आमचा तळमजला पण दोन्ही वेळा पाण्यात.

म्हणून घरात घ्यायची हे ठरलं, पण पेच तिथंच सुरू झाला. वजन म्हणतं खाली ठेवा, पाणी म्हणतं वर ठेवा. आम्ही वर ठेवायचं ठरवलं आणि आधी ओळखीच्या इंजिनिअर काकांना घरी बोलावलं, मगच दुकानात पैसे भरले. काकांनी वहीवर हिशोब मांडला, राहत्या घरात स्लॅबवरचा वापराचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात, आणि आमच्या तिजोरीचा तळ दोन बाय दोन फूट, म्हणजे तेवढ्या तुकड्यावर चौरस मीटरच्या मापानं ८०० च्या वर जातं. सासूबाईंचा चेहराच उतरला. काका म्हणाले, वहिनी घाबरू नका, सगळ्या खोलीचा मिळून स्लॅबला पुष्कळ भार पेलतो, फक्त मधोमध ठेवू नका, खाली जिथं बीम येतंय आणि कॉलम जवळ आहे त्या कोपऱ्यात भिंतीला लावा, आणि त्याच कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट, धान्याची कोठी असलं दुसरं वजन नको. खाली तळापेक्षा चारी बाजूंनी मोठी जाड लोखंडी प्लेट टाकायला लावली म्हणजे भार पसरतो. हे नव्या आरसीसी घराचं झालं हां, जुनं माडीचं घर असेल तर तुळया कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय वर काही चढवू नका.

चढवायची कशी हा पुढचा प्रश्न. जिना अरुंद, वळणावर चौकोनी वस्तू फिरतच नाही. शेवटी मागच्या खोलीच्या मोठ्या खिडकीची चौकट काढली, गच्चीवर कॉलमच्या डोक्यावर येईल असा लोखंडी गर्डर आडवा टाकला आणि एक टनाची साखळी कप्पी लावली. माणसं मार्केट यार्डातली, हळदीची पोती उचलणारी. त्यांचे मुकादम मामा साखळीला हात लावून उभे. कड्या कटकट करत एकेक वर सरकायच्या, मधेच मामा हात वर करायचे की सगळं जिथल्या तिथं, तिजोरी दोरावर फिरायची थांबेपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही. दोन पोरं दोन बाजूंनी दोर धरून लांब उभी, तिजोरीच्या खाली कोणी म्हणजे कोणी नाही, हे मामांनी सुरुवातीलाच बजावलेलं, माझ्या लेकाला पण गल्लीच्या तोंडाशी पाठवून दिलं. खिडकीच्या उंचीला आल्यावर भिंतीवर टाकलेल्या फळ्यांवर टेकवली आणि आत ओढली. आत फरशीवर प्लायवूड, त्यावर पाइपचे तुकडे, त्यावरनं सरकत कोपऱ्यात. एका फरशीला तडा नाही गेला. त्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे, मजुरी ठरली होती त्यापेक्षा आम्ही आपणहून जास्त दिली.

आता तुम्ही लिहा.

शनिवारपेठ, सातारा

ताई, छान धागा काढलात. आमचं उलटं आहे, घ्यायची नव्हती, होती ती हलवायची होती. आजोबांची जुनी गोदरेजची तिजोरी, पितळी मुठीची. गोदरेजनं तिजोऱ्या करायला सुरुवात १९०२ ला केली, आमची त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतलेली, पण घरात तिला देवासारखा मान, धनत्रयोदशीला हळदकुंकू आधी तिला. वाडा बिल्डरला दिला तेव्हा सगळे म्हणाले भंगारात घाला, नवी घ्या. मी नाही म्हणालो.

वाड्यातनं बाहेर काढणं सोपं गेलं कारण ती तळमजल्यावर शेणानं सारवलेल्या जमिनीवर होती. कुलपाच्या मिस्त्रीला बोलावून दार वेगळं करून घेतलं, तिजोरीचं वजन दारात फार असतं, दार निघालं की एकाच जड धुडाचे दोन बऱ्यापैकी उचलता येणारे भाग होतात, आणि मेन म्हणजे हलवताना दार उघडून कुणाच्या हातावर बसायची भीती जाते. सगळ्यांच्या तिजोरीला हे जमतं असं नाही, मिस्त्रीनं हो म्हटलं तरच करा.

खरी अडचण आली शाहूपुरीतल्या फ्लॅटला. लिफ्टमध्ये पाटी, ६ माणसं ४०८ किलो. आपल्याकडं माणशी ६८ किलो धरतात त्याचा तो गुणाकार. टेम्पोवाला म्हणाला मग बसतंय की, तिजोरी अडीचशे किलो आणि आम्ही दोघं. लिफ्टच्या कंपनीचा माणूस नेमका मेंटेनन्सला आलेला, त्यानं थांबवलं. त्यानं समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. सहा माणसं उभी राहतात तेव्हा वजन लिफ्टच्या तळाच्या सगळ्या पाट्यावर पसरतं, तिजोरी आत ढकलताना मात्र सगळं वजन आधी दाराच्या उंबऱ्यावर येतं, तिथंच पाटा वाकतो नाहीतर लिफ्ट एकदम थोडी खाली बसते आणि तिजोरी निम्मी आत निम्मी बाहेर अडकते. मग त्याच्याच देखरेखीखाली आधी दार, मग धड असं वेगवेगळं नेलं, खाली जाड प्लाय टाकून, लिफ्टच्या मधोमध ठेवून, आणि आत माणूस कुणीच नाही. सोसायटीच्या चेअरमनकडनं आधी लेखी परवानगी घेतली होती. ती घ्याच, नंतर कुणाचंही काही बिघडलं तरी नाव तुमच्यावर येतं.

विटेकर

आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात, कुणाचा भाऊ केरळात, कुणाचा काका तमिळनाडूत, सोनंचांदी आटवायचं काम. त्यामुळं तिजोरी ह्या विषयावर आमच्यात लहान पोरगं पण बोलतंय. माझे वडील सांगायचे ते लिहितो.

पहिलं म्हणजे हलकी तिजोरी ही तिजोरीच नव्हं. चाळीस पन्नास किलोची पेटी चोर फोडत बसत नाही, उचलून घिऊन जातो आणि उसाच्या फडात निवांत फोडतो. म्हणून हलकी घ्यायची आसल तर बोल्ट मारायलाच पायजेत. तळाला नाहीतर पाठीला भोकं असत्यात, त्यातनं अँकर बोल्ट काँक्रीटमधी गेला पायजे, नुसत्या फरशीत मारला तर तो फरशीसकट निघतो. विटांच्या भिंतीत पण जास्त भरवसा नाही, कॉलम मिळाला तर बघू नका दुसरीकडं, पण भोक पाडायच्या आधी इंजिनिअरला इचारा, आतली सळई कापली जाऊ नये.

दुसरं, आगीची तिजोरी आणि चोरीची तिजोरी ह्यो फरक. लई लोक आगीचं रेटिंग बघून खूश होत्यात. आत आग न पोचण्यासाठी भरलेला माल येगळा आन कटर, ड्रिल अडवणारा माल येगळा. चोरीच्या रेटिंगमधी टीएल १५, टीआरटीएल ३० असं लिवलेलं असतं, त्यो आकडा मिनिटांचा, म्हंजे तेवढा येळ हत्यारानं नाहीतर हत्यार आणि गॅस कटर दोन्हीनं काम केलं तरी दार टिकतं. अमर टिकतं असं न्हाई. वडील म्हणायचे, तिजोरी चोराला अडवत नाही, त्याला उशीर करती, त्या उशिरात जागं व्हायला घरात माणूस पायजे. घराला चार चार महिने कुलूप लावून बाहेर असाल तर तिजोरीवर इसंबून राहू नका.

मिरजवाली मावशी

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडंसंच आहे पण कुणी लिहिलं नाही म्हणून. आगीच्या तिजोरीत ओल धरते. तिच्या भिंतीत जो माल भरलेला असतो त्यात पाणी बांधलेलं असतं, आग लागली की ते वाफ होऊन उष्णता खातं, म्हणून तर आतले कागद वाचतात. पण आग नसतानाही आत दमट राहतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारू नका. माझ्या मिस्टरांची सर्व्हिस बुकाची प्रत आणि आमचा लग्नाचा अल्बम आत होता, अल्बमची पानं एकमेकांना चिकटली. आता सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, त्या उन्हात न वाळवता कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरते, कागद झिपच्या पिशवीत, आणि पंधरा दिवसांनी दुपारी दार तासभर उघडं ठेवून समोर बसते.

आणि पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क ह्यात ठेवून निर्धास्त राहू नका. कागदाच्या रेटिंगमध्ये आतलं तापमान १७७ अंशांपर्यंत गेलेलं चालतं, कागद त्यात जळत नाही पण डिस्कचं काय होईल. त्यासाठी वेगळ्या मिळतात, ५२ अंशांच्या.

कुपवाडचा टेम्पोवाला

नमस्कार. मी मशिनरी, जड कपाटं, तिजोऱ्या हलवायचंच काम करतोय. गिऱ्हाइकांना हात जोडून सांगणं हाय की वजन खरं सांगा. फोनवर "असंल शंभर किलो" म्हणत्यात, जाऊन बघतोय तर चारशे. मग माणसं कमी पडत्यात आणि तरी बी ओढाताण करत्यात, त्यात एखाद्याचं बोट जातं. आमच्यातल्या एका पोराचं गेलंय. तिजोरीच्या आतल्या बाजूला नाहीतर कागदावर वजन असतं, त्याचा फोटो पाठवा.

रस्त्याचा पण फोटो पाठवा. गेट, पायऱ्या, दरवाजा, पॅसेजचं वळण. टेप लावून माप घ्या, आन दरवाजाचं माप घेताना चौकटीच्या आतलं घ्या, कडी कोयंडा बाहेर येतोय त्यो पण धरा. तिजोरीची मूठ पुढं येतीय ती पण मोजा. दोन इंच मोकळे पायजेत, नाहीतर बोटं कुठं घालायची?

पायऱ्यांवर तिजोरी कधी पण पाठीवर निजवून, जाड फळ्यांवरनं, वरनं दोर लावून. दोर घ्यायचा त्यो एका जाड खांबाला येढा देऊन, नुसता हातात न्हाई. खाली उभं राहून खांदा लावायचा शाणपणा कुणी करू नये, सुटली की त्यो माणूस संपला. पोर्चमधल्या टाइल खाली पोकळ असत्यात, टिचकी मारून बघा, पोकळ वाजली की तिथं दुप्पट प्लाय. आन टाकीचं, ड्रेनेजचं झाकण कुठं हाय ते आधी दावा, त्याच्यावरनं न्यायची न्हाई.

कराडकर

दुकानदाराची "फ्री होम डिलिव्हरी" म्हणजे नक्की कुठपर्यंत ते बिलावर लिहून घ्या. आमच्याकडं गेटच्या बाहेर उतरवून निघून गेले, संध्याकाळची वेळ, अख्खी गल्ली बघायला. तिजोरी आल्याचं जगाला कळू नये हीच तर पहिली सुरक्षा ना? आमच्या शेजारच्यांनी ताडपत्री आणून दिली, माणसं मिळेपर्यंत ती झाकून ठेवली. दुपारी सामसूम असताना मागवा, वर फ्रिजचं खोकं चढवून आणा.

डिजिटल कुलूप असेल तर सेल वेळेवर बदला, आणि इमर्जन्सीची चावी तिजोरीच्या आत ठेवू नका. दोन चाव्या दोन घरांत, एक आमच्या ताईकडं असते.

तासगावहून

खूप उपयोगी धागा. माझा प्रश्न असा की आमचं बेदाण्याचं काम, सीझनला घरात रोकड येते, घर एकमजली, पूर येत नाही, पण तिजोरीची खोली आतली आहे आणि दरवाजा २८ इंची. आवडलेली तिजोरी मुठीसकट २९. चौकट काढावी का लहान घ्यावी?

कुपवाडचा टेम्पोवाला

दादा, मूठ निघते का आधी दुकानात इचारा, बऱ्याच जणांची दोन स्क्रूवर असती. ती निघून २६ वर आली तर चौकटीला हात लावू नका. मूठ निघालीच नाही तर मग कारपेंटरला आदल्या दिवशी बोलवा, माणसं ताटकळत ठिऊन चौकट काढायला घिऊ नका, घाईत भिंतीचा कोपरा जातो.

कृष्णाकाठची, सांगली

तासगावकर दादा, तळमजलाच आहे तर तुमचं काम खूप सोपं आहे. फक्त खाली कोबा नीट आहे का, फरशीखाली मुरूम बसलाय का ते एकदा बघून घ्या. घर नवीन असेल तर भराव दबतो आणि तिजोरी एका बाजूला कलली की दार ओढून घ्यावं लागतं, कुलपाचे बोल्ट घासतात. ठेवल्यावर लेव्हल ट्यूब लावून बघा, तेवढ्यासाठी गवंड्याला बोलवलंत तरी हरकत नाही.