मदत हवी आहे : पहिला डीजे कंट्रोलर कोणता घ्यावा?

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. काकांच्या मंडप-डेकोरेशनच्या कामात दोन वर्षांपासून हळदीला आणि वरातीला लॅपटॉपवरून गाणी लावतो. परंतु एक गाणे संपून दुसरे सुरू होईपर्यंत जी शांतता पसरते, तिच्यात नाचणारी मंडळी थबकून माझ्याकडेच पाहतात. म्हणून यंदा कपाशीचे पैसे हाती आल्यावर कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून दोन गाणी एकमेकांत मिसळण्याचे उपकरण) घेऊन रीतसर मिक्सिंग शिकायचे ठरवले आहे.

पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ मनात भरला आहे, कारण तो रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतो, शिवाय त्याला वीज यूएसबीतूनच मिळते, त्यामुळे ऐन वरातीत जनरेटर बंद पडला तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर निदान माझ्या हातातले काम थांबणार नाही. अडचण एवढीच, की त्याचे मुख्य आउटपुट केवळ आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या साध्या वायरीचे) आहे आणि आमचा मिक्सर स्टेजपासून बराच लांब, ट्रॉलीवर असतो. इतक्या लांब आरसीए वायर ओढल्यास घरघर येईल का, की मध्ये डीआय बॉक्स (लांब वायरीत घरघर येऊ नये म्हणून लावायची छोटी पेटी) लावावा?

दुसरा पर्याय हर्क्युलिसचा इनपल्स ३००. त्यावरील दिवे ताल जुळवण्यास मदत करतात. मात्र दिव्यांची सवय लागली, तर कान तयार होतील का, अशी शंका वाटते. ज्यांनी त्यावर शिकून पुढे प्रत्यक्ष कार्यक्रम केले आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.