मदत हवी आहे: तरुण रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा उपप्रकार निश्चित होत नाही

१९ वर्षांच्या रुग्णाच्या मूत्रपिंडातील गाठीच्या सुई-बायोप्सीचा अहवाल मला द्यायचा आहे. काचपट्टीवर पॅपिलरी (बोटांसारख्या फाट्यांची) रचना दिसते. पेशी मोठ्या, फिकट, काही ठिकाणी गुलाबी व दाणेदार आहेत आणि मधूनमधून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असलेले सॅमोमा कण (कॅल्शियमचे सूक्ष्म कण) आहेत.

पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून पाहिली (रंजन), तेव्हा पॅक्स८ (गाठ मूत्रपिंडातूनच उगवल्याची खूण) पॉझिटिव्ह, तर सीके७ (उपप्रकार वेगळे करायला उपयोगी केराटिन प्रथिन) जवळजवळ निगेटिव्ह आहे. काही दुर्मिळ उपप्रकारांत नाहीशी होणारी आयएनआय१, एसडीएचबी आणि एफएच ही प्रथिने रंजनात टिकून आहेत, अर्थात त्यामुळे एफएच-न्यूनतेच्या कर्करोगाची शक्यता पूर्णपणे संपत नाही, याची मला जाणीव आहे. टीएफई३ हे प्रथिन पेशीकेंद्रकात मध्यम तीव्रतेने रंगले, परंतु फिशच्या ब्रेक-अपार्ट चाचणीत (जनुकाच्या दोन बाजूंना रंगबिंदू लावून ते एकमेकांपासून दूर गेले का हे पाहणारी चाचणी) टीएफई३ जनुकाची पुनर्रचना (तुटून दुसऱ्या जनुकाशी जोडणी) आढळली नाही.

या निगेटिव्ह निकालावर थांबायला माझे मन तयार नाही. टीएफई३ पुनर्रचनेचा कर्करोग तरुण वयात तुलनेने अधिक आढळतो. शिवाय आरबीएम१० आणि टीएफई३ ही जनुके एक्स गुणसूत्रावर इतकी जवळ आहेत की त्यांची जोडणी झाली तरी फिशमधील रंगबिंदू फारसे दूर जात नाहीत आणि बदल नजरेतून निसटू शकतो.

बायोप्सीच्या मेणाच्या ब्लॉकमध्ये फारच थोडी ऊती उरली आहे आणि पुन्हा बायोप्सी तूर्त शक्य नाही. लसिकाग्रंथींत प्रसार दिसत असल्याने उपचार करणारे डॉक्टर उपप्रकाराची वाट पाहत आहेत.

अशा वेळी उरलेली सगळी ऊती थेट आरएनए सिक्वेन्सिंगसाठी (जनुकांची जोडणी शोधणाऱ्या चाचणीसाठी) राखून ठेवावी, की त्यातील दोन-तीन काप आधी कॅथेप्सिन के (टीएफई३ कर्करोगाकडे बोट दाखवू शकणारे प्रथिन) आणि २एससी (एफएच-न्यूनतेची खूण) यांच्या रंजनासाठी वापरावेत? आणि तोपर्यंतच्या तात्पुरत्या अहवालात निदान कोणत्या शब्दांत लिहावे?