कवी आणि न्यायाधीश यांच्या आयुर्मानाची तुलना: टी-चाचणी पुरेशी आहे का?

प्रश्न:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी चरित्रकोशांतून मराठी कवी आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांची जन्म-मृत्यूची वर्षे जमवली आहेत. हयात व्यक्ती वगळल्या आहेत. दोन्ही गटांचे सरासरी आयुर्मान समान आहे, ही शून्य परिकल्पना (म्हणजे फरक नाही, हे गृहीतक) वेल्चच्या टी-चाचणीत, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीत, ५ टक्के सार्थकता पातळीवर फेटाळली गेली आणि न्यायाधीश दीर्घायुषी ठरले. यावरून न्यायाधीशाचा पेशा आयुष्य वाढवतो, असे लिहिता येईल का?

उत्तर १:
कृपया तसे लिहू नका. गणित बरोबर असेल, पण चूक याद्यांमध्येच आहे. बालकवी २७व्या वर्षी गेले, तरी ते कवींच्या यादीत आहेत. त्या वयात वारलेला हुशार वकील न्यायाधीशांच्या यादीत येऊच शकत नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंग अवघ्या ४३व्या वर्षी, १८९३ मध्ये निवर्तले, पण १८८९ मध्ये नेमणूक होईपर्यंत तेही जगलेले होतेच. त्यांच्या जागी आलेले न्यायमूर्ती रानडे तर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. म्हणजे नेमणुकीपूर्वीची सारी वर्षे न्यायाधीशांना पेशाने दिलेली नाहीत, ती निवडीच्या अटीतच होती. पदाने ज्येष्ठ आणि कनिष्ठ माणसांच्या मृत्यूसमयीच्या वयांची तुलना फसवी असते, हे इंग्लंडमध्ये संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८४३ मध्येच दाखवून दिले होते.

उत्तर २:
उपाय असा की प्रत्येकाला त्या पेशात आल्याच्या वयापासूनच मोजणीत धरावे आणि मग लॉग-रँक चाचणी (दोन गट काळानुसार किती जगतात याची तुलना) किंवा कॉक्सचे प्रतिमान (कोणत्या घटकाने मृत्यूचा धोका किती बदलतो, हे मोजणारे) वापरावे. या पद्धतीत हयात व्यक्तीही सामावून घेता येतात आणि तसे करणे आवश्यकच आहे, कारण १९५० साली जन्मलेल्यांपैकी फक्त मृतांनाच मोजले, तर तो गट आपोआप अल्पायुषी दिसणार. जन्मदशकही प्रतिमानात घ्या.

प्रश्नकर्ता:
न्यायाधीशांसाठी नेमणुकीची तारीख मिळते. कवींसाठी प्रवेशाचे वय कोणते धरावे? पहिल्या संग्रहाचे वर्ष चालेल का?

उत्तर १:
ते सरसकट चालणार नाही, कारण बालकवींचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात मान्यता मिळाली, म्हणून त्यांचा प्रवेश तिथून धरावा. इतरांसाठीही पहिल्या सार्वजनिक ओळखीचे वर्ष शोधा. काम किचकट आहे, पण प्रकल्पाचा खरा कस त्यातच लागेल. जिथे वर्ष संदिग्ध असेल, तिथे शक्य असलेले सर्वांत आधीचे आणि सर्वांत नंतरचे अशी दोन्ही वर्षे धरून विश्लेषण करा आणि निष्कर्ष बदलतो का, ते अहवालात नोंदवा.