दवाखान्यातला डॅशबोर्ड पेशंटच्या कामाचा कसा करायचा?

खानापूर_आयटी: नमस्कार मंडळी, बेळगावात एका दवाखान्यात आयटी बघतो. पॉवर बीआय या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका स्क्रीनवर, केलाय, पण त्यात सगळं बेड किती भरले, बिलिंग किती झालं एवढंच. पेशंटला किती ताटकळावं लागलं हे कुठंच दिसत नाही आणि तेच दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं. सुरुवात कुठनं करू?

निपाणी_सिस्टर: डिस्चार्जपासनं करा की ओ. डॉक्टर राउंडला सकाळीच "घरी जा" म्हणतात, मग डिस्चार्ज समरी (उपचार आणि औषधांचा कागद) टाईप व्हायची, उरलेली औषधं फार्मसीला परत, बिल, सरकारी योजनेचं किंवा इन्शुरन्सचं अप्रूव्हल, आणि तोवर चंदगडची शेवटची एसटी गेलेली असते. म्हातारं माणूस पिशव्या घेऊन कॉटवर बसून राहतं आणि विचारतं कुणाला तर आम्हाला! प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी धरा, म्हणजे नेमकं कुठं अडतंय ते कळेल. फक्त ती वेळ आमच्याकडनं वेगळ्या रजिस्टरात लिहून घेऊ नका, सिस्टीममध्ये एंट्री होतेच तिथनंच उचला.

चिकोडी_डेटा: सिस्टरांचं बरोबर आहे. त्यात एक, नुसती सरासरी दाखवू नका. १० पेशंटपैकी ९ जण २ तासात सुटले आणि एकाला १२ तास लागले तर सरासरी ३ तास येते, म्हणजे ९ जणांचंही खरं नाही आणि त्या एकाचंही नाही. मीडियन, म्हणजे सगळ्या वेळा क्रमानं लावल्या की मधोमध येते ती, दाखवा आणि सगळ्यात जास्त थांबलेल्यांची यादी वेगळी ठेवा. योजनेप्रमाणेपण वेगळं पाडा, खानापूरचा पेशंट 'आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक' योजनेतला, चंदगडचा महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेतला, पोर्टल वेगळं, कागद वेगळे, सगळं एकत्र मिसळलं तर काही कळणार नाही.

हुक्केरी_फार्मासिस्ट: केसपेपर काढतानाच भाषा विचारा, कन्नड, मराठी, कोकणी, उर्दू, जी असेल ती. आडनावावरनं ठरवू नका, इथं ते हमखास चुकतं. समरी इंग्रजीत असते, इन्सुलिन जेवणाआधी की नंतर हे घरच्यांना कळलंच नाही तर पेशंट शुगर बिघडून परत येतो. ३० दिवसात परत ॲडमिट झालेले भाषेप्रमाणे आणि तालुक्याप्रमाणे लावून बघा. त्यात फरक दिसला तर लगेच भाषेवर खापर फोडू नका, आजार किती गंभीर होता तेही बघायला लागतं.

चिकोडी_डेटा: आणि स्क्रीनवर नावं नकोत, भिंतीवरच्या टीव्हीवर तर अजिबात नकोत. फक्त आकडे. नावाची यादी ज्या वॉर्डाची त्याच इन्चार्जला.

खानापूर_आयटी: भारी सांगितलात सगळ्यांनी. भाषेचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाहीच, तो आधी घालून घेतो. डिस्चार्ज ऑर्डरची आणि बिल क्लिअरची वेळ सिस्टीममध्ये आहे, पण फार्मसी रिटर्नची वेळ पडत नाही. ती कशी धरायची, सिस्टर?

निपाणी_सिस्टर: फार्मसीवाला रिटर्नची पावती काढतो ना, तिच्यावर वेळ छापलेली असते बगा.