मदत हवी आहे: सिंगलस्पीड एमटीबीसाठी (एकाच गिअरच्या माउंटन बाइकसाठी) स्वतंत्र फ्रेम घ्यावी की आहे त्या सायकलला कन्व्हर्जन किट बसवावे?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहतो. वेताळ टेकडी, पाषाण-बाणेरच्या टेकड्या आणि सवड मिळेल तेव्हा मुळशीकडच्या पायवाटा, असे माझे सायकल चालवणे आहे. सध्याची सायकल अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) असून चाके २९ इंची, पुढे तीन व मागे नऊ गिअर, मागचा हब (चाकाचा मधला भाग) १३५ मिमीचा क्विक रिलीज आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची बैठक) ७३ मिमीचा, आट्यांचा आहे. ड्रॉपआउट (मागचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचा) उभे आहेत, त्यामुळे मागचे चाक पुढेमागे तसूभरही सरकत नाही, आणि माझ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

सिंगलस्पीडकडे वळण्याचे कारण आमच्याकडचा पावसाळा. चिकणमाती आणि ओले गवत डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) जॉकी व्हीलभोवती (चेन वळवणाऱ्या चाकाभोवती) गुंडाळले जाते, पिंजरा अडकतो, आणि नेमका त्याच वेळी चढावर जोर लावलेला असला तर हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे जोडतात तो तुकडा) वाकतो. दिवाळीनंतर चिखलाची जागा कुसळे घेतात. हा सगळा नाजूक भागच सायकलवरून नाहीसा व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे.

किटमध्ये एक स्प्रॉकेट (मागचे दातेरी चाक), कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या संचाच्या) जागी भरायच्या स्पेसर रिंगा आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर मिळतो. खर्च फ्रेमच्या मानाने अगदी थोडा. परंतु हा टेन्शनर बसतो त्याच हँगरवर, आणि त्याला स्प्रिंगही असते व पुलीही असते. ज्या तीन गोष्टींपासून सुटका हवी होती त्या तिन्ही परत येणार असतील, तर डिरेलर काढून मी नेमके काय मिळवले, हे मला कळत नाही. मित्राच्या सायकलवर असा टेन्शनर आहे. त्याची पुली चेनला खाली ढकलते, त्यामुळे स्प्रॉकेटच्या कमी दात्यांना चेन धरून राहते. उभे राहून चढ मारताना ती दात्यावरून खडकन सुटलेली मी स्वतः अनुभवली आहे. चेनला वर ढकलणाऱ्या टेन्शनरमध्ये पकड वाढते हे मान्य, पण हँगरचा प्रश्न तसाच राहतो.

टेन्शनर टाळून, पुढच्या व मागच्या दात्यांच्या संख्यांची अशी जोडी शोधायची की चेन आपोआप ताठ बसेल, हा ‘मॅजिक गिअर’चा मार्गही मी कागदावर मांडून पाहिला. एक दाता बदलला की मागच्या आसाची जागा सुमारे ३ मिमीने बदलावी लागते, म्हणजे जुळणी मुळातच बेताची. त्यात साधारण १२०० मिमी लांबीची चेन अर्धा टक्का झिजली की ती ६ मिमीने वाढते आणि तेवढी सैल पडलेली चेन ताठ करायला चाक पुन्हा ३ मिमी मागे न्यावे लागते. माझ्या फ्रेममध्ये चाक हलतच नसल्यामुळे, नव्या चेनवर जुळलेले गणित चेन बाद होण्याच्या आधीच एका दात्याने चुकलेले असेल. बॉटम ब्रॅकेटमध्ये एक्सेंट्रिक (मध्यापासून बाजूला आस असलेली गोल बैठक) बसवून क्रँकच पुढेमागे सरकवावी म्हटले, तर ती सोय प्रामुख्याने ४६ मिमी व्यासाच्या पीएफ-३० नळीसाठी मिळते. माझी आट्यांची नळी त्याहून अरुंद आहे.

या कारणांनी माझा कल स्वतंत्र फ्रेमकडे आहे, तीही स्टीलची. मात्र चेन ताणण्याच्या पद्धतींपैकी कोणती निवडावी, याचा निर्णय होत नाही. आडव्या खाचांच्या ड्रॉपआउटमध्ये रचना साधी असते, पण चाक सरकवले की ब्रेकची डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर यांची जागा एकमेकांपासून हलते. सरकत्या ड्रॉपआउटमध्ये कॅलिपर ड्रॉपआउटबरोबरच सरकतो, त्यामुळे ब्रेक पुन्हा जुळवावा लागत नाही. मात्र बोल्ट वाढतात. ज्यांनी अशी फ्रेम सह्याद्रीच्या पावसात निदान एक हंगाम वापरली आहे, त्यांनी बोल्ट घसरणे, करकरणे आणि गंज यांविषयी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा. खर्चात अशी कोणती बाब आहे जी माझ्या नजरेतून सुटली असेल, हेही सांगावे.

प्रतिसाद:

नमस्कार. आपले विश्लेषण योग्य आहे आणि आपल्या वापरासाठी मी सरकते ड्रॉपआउटच सुचवेन. कोना युनिटसारख्या सायकलींना ते असतात. बोल्टला ग्रीस लावून टॉर्क पान्याने आवळावे आणि पावसाळ्यात दर धुण्यानंतर तपासावे, म्हणजे घसरण्याची तक्रार सहसा राहत नाही. करकरणे मला एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेटमध्ये अधिक आढळले आहे, कारण चिखलाचे पाणी थेट त्याच्या सांध्यात उतरते.

आपल्या नजरेतून सुटलेली बाब म्हणजे मागचे चाक. आजच्या बऱ्याच फ्रेम १२ × १४८ मिमी बूस्ट आसाच्या (१२ मिमी जाडीचा आस, १४८ मिमी अंतर) आहेत आणि त्यांत आपला १३५ मिमीचा हब बसणार नाही, म्हणजे फ्रेमबरोबर चाकाचाही खर्च आला. सर्ली कंपनीच्या कराटे मंकी या फ्रेमच्या मागच्या ड्रॉपआउटमधले अंतर १४५ मिमी ठेवलेले असल्यामुळे १४२ व १४८ चे हब चालतात आणि अडॅप्टर लावून १३५ चाही बसतो, पण तिचे ड्रॉपआउट आडवे आहेत. फोर्कचा स्टिअरर (हेड ट्यूबमध्ये जाणारी वरची नळी) सरळ आहे की निमुळता, आणि ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती दबते ते) किती, हेही फ्रेमच्या मापाशी ताडून पाहा.

आणखी एक विनंती. फ्रेम मागवण्याआधी स्वस्तातला टेन्शनर लावून आपले गुणोत्तर ठरवून घ्या. पुढे ३२ आणि मागे १८ दाते, म्हणजे ३२ ला १८, हे २९ इंची चाकांसाठी प्रचलित आहे, पण मुळशीचे चढ पाहता ३२ ला २० पासून सुरुवात करावी. स्प्रॉकेट रुंद बैठकीचे घ्यावे. पातळ पत्र्याचे स्प्रॉकेट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये (हबवर स्प्रॉकेट बसतो त्या भागात) रुतून खाचा पाडते. हब तोच ठेवलात, तर स्प्रॉकेट आणि स्पेसर पुढे नव्या फ्रेमवरही चालतील.

मूळ लेखक:

मनःपूर्वक आभार. चाकाचा मुद्दा माझ्या हिशेबात खरोखरच नव्हता. माझ्या फोर्कचा स्टिअरर २८.६ मिमीचा सरळ असून ट्रॅव्हल १०० मिमी आहे, त्यामुळे ४४ मिमीच्या हेड ट्यूबमध्ये तो योग्य हेडसेट घेऊन बसेल असे दिसते. टेन्शनर लावून ३२ ला २० पासून सुरुवात करतो. दरम्यान, १३५ चा हब अडॅप्टरसह आडव्या ड्रॉपआउटमध्ये वापरणारे कोणी असल्यास, जोर लावल्यावर चाक तिरके होऊन टायर चेनस्टेला (फ्रेमच्या मागच्या खालच्या नळीला) घासतो का, आणि त्यासाठी चेन टग (आस मागे धरून ठेवणारा तुकडा) लावावा लागला का, हे कृपया कळवावे.